रक्तदाबाची तपासणी कामाच्या ठिकाणी हवी

महोदय,

29 सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन जवळ आला की मोफत तपासणी शिबिरांचे फलक लागतात. हेतू चांगलाच असतो. पण रांगेतला माणूस खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच त्याच्या हाताला पट्टा गुंडाळला जातो. तोही शर्टाच्या बाहीवरून, हात खाली लोंबत असताना आणि शेजारच्याशी बोलणे चालू असताना. असा मोजलेला रक्तदाब दहा-पंधरा अंकांनी सहज जास्त दिसतो. हातात एक चिठ्ठी पडते, पुढे कोणी विचारत नाही. आणि ज्याला तपासणीची खरी गरज असते, तो त्या वेळी यंत्रमागावर पाळी करत असतो किंवा ती घरी बिड्या वळत बसलेली असते.

हृदयविकार खरोखर कमी करायचा असेल, तर सोलापुरात पहिले काम रक्तदाब नीट मोजणे आणि वाढलेला सापडला की तो वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवणे हे आहे. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, म्हणून कळत नाही. चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान वरचा आकडा (140/90 मधला 140) 20 ने वाढला की हृदयविकार आणि पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. सततच्या दाबाने रक्तवाहिनीचे आतले अस्तर खराब होते, तिथे चरबीचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद पडतो. मधुमेह आणि तंबाखू जोडीला असतील तर हे चाळिशीतच घडू शकते.

मोजण्याची रीत सोपी आहे, वेळ मात्र द्यावा लागतो. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, बिडी नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, मांडीवर मांडी न घालता पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर, छातीच्या पातळीत असावा आणि पट्टा उघड्या दंडावर बांधावा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो, म्हणून मोठा पट्टा मागून घ्यावा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्यावर आकडा येत राहिला तर डॉक्टरांकडे जायलाच हवे.

मिठाचा हिशेब घरातल्या बाईला एका पिशवीवरून लावता येतो. माणशी रोज 5 ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. त्या मापाने चार जणांच्या घरात एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरली पाहिजे. ती महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज आठ ग्रॅमच्या वर मीठ जाते. यात पापड, लोणचे, फरसाण आणि बाहेरची भजी धरलेलीच नाहीत. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असते. आपली ज्वारीची भाकरी बिनमिठाची होते, ही फार चांगली गोष्ट आहे. शेंगाचटणीतल्या शेंगदाण्याला दोष देऊ नये. कुटताना मीठ निम्मे करावे, लसूण आणि जिरे वाढवावे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. ते मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. तेल चार जणांना महिन्याला दोन लिटर पुरे.

मिश्री, मावा, बिडी या तिन्हींतले निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवते, रक्तवाहिन्या आखडवते. 'दिवसाला दोनच ओढतो' हे समाधान खोटे आहे, कारण बिड्या कमी केल्या म्हणून हृदयाचा धोका त्याच प्रमाणात उतरत नाही. त्या पूर्णच सोडाव्या लागतात.

सर्वात जास्त घोळ होतो तो गोळ्यांचा. आकडा 130/80 आला की 'बीपी बरा झाला' म्हणून गोळी बंद होते. तो गोळीमुळेच खाली आलेला असतो, दोन-चार आठवड्यांत पुन्हा चढतो. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींचे पाय सुजतात आणि ती परस्पर सोडली जाते; खरे तर मात्रा कमी करून किंवा दुसरी गोळी देऊन हे सुटते. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा 43-44 वर गेला की, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना चक्कर येऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांकडून उन्हाळ्यापुरती मात्रा बदलून घ्यावी. यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणारे कामगार अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या औषध दुकानातून नेहमी घेतात. या गोळ्या रक्तदाब चढवतात, बीपीच्या औषधाचा असर कमी करतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढवतात. याबद्दल कामगारांना कोणीच सांगत नाही, हे आम्हाला फार खटकते.

आणि छातीतला 'गॅस'. छातीच्या मधोमध दाब किंवा जळजळ, दरदरून घाम, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, असे पंधरा-वीस मिनिटे टिकले तर सोडा पिऊन वाट पाहू नये. महिला आणि मधुमेहींमध्ये नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच दिसू शकते. 108 ला फोन करावा, रुग्णाला चालवू नये, दुचाकीवर बसवू नये. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर अ‍ॅस्पिरिनची 300 किंवा 325 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यावी. दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणे चालूच राहिले तर तो पुन्हा काढावा, हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी करावी.

जिल्ह्यातल्या करमाळ्याहून सोलापूर गाठायला सहज दोन तास जातात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सर्वात उपयोगी पडते. म्हणून तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयातच चोवीस तास ईसीजी, तो मोबाइलवर पाहून सल्ला देणारा तज्ज्ञ आणि हे इंजेक्शन, तिन्हींची सोय असली पाहिजे.

तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब आणि साखर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. पण तिथे जायचे तर कामगाराचा खाडा होतो. बिडी जमा करायला महिला कारखान्यावर येतातच, यंत्रमाग कामगार पगाराला एकत्र जमतातच. महापालिकेने तिथेच महिन्यातून एकदा आरोग्यसेविका पाठवावी. तिच्याकडे दोन मापांचे पट्टे, एक नोंदवही आणि बसायला पाठीची खुर्ची असावी. मालकांनी पाच मिनिटे शांत बसता येईल अशी, मागांच्या खडखडाटापासून दूरची जागा द्यावी. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांना आठ-दहा दिवसांच्या नव्हे, पूर्ण तीस दिवसांच्या गोळ्या मिळाव्यात. आणि पुढच्या महिन्यात जो आला नाही, त्याच्या घरी आशाताईने आठवड्याच्या आत जावे.

— हृदयरुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर, सोलापूर