आठ इनपुट, आठ आउटपुट आणि कागद एकही नाही

दांडिया बाजार, बडोदे
८ सप्टेंबर २०२५

प्रति,
सेवा व्यवस्थापक,
ऑडिओ-व्हिज्युअल विभाग

विषय : सभागृहातील मॅट्रिक्स स्विचरच्या जोडणीचा तक्ता अद्याप न मिळाल्याबाबत

महोदय,

आपण मार्चमध्ये आमच्या मंडळाच्या सभागृहात आठ बाय आठचा एचडीएमआय मॅट्रिक्स स्विचर बसवलात, म्हणजे आठ ठिकाणांहून येणारी चित्रे आठांपैकी हव्या त्या पडद्याकडे वळवणारे यंत्र. यंत्र चालते. हे आधीच लिहून टाकतो, कारण आपल्या ऑफिसातून फोन आला की पहिला प्रश्न 'मशीन चालू आहे ना?' हाच असतो आणि हो म्हटले की तक्रार बंद होते. माझ्या दोन तक्रारी अशाच बंद झाल्या. ही तिसरी पत्राने करतो आहे, म्हणजे निदान कुठेतरी फाइलला लागेल.

तक्रार एवढीच आहे की कोणती वायर कुठून येते आणि कुठे जाते, हे सांगणारा कागद आमच्याकडे नाही.

कोटेशनच्या शेवटच्या पानावर 'लेबलिंग, जोडणीचा आराखडा व प्रशिक्षण' अशी ओळ आहे आणि तिच्यासमोर रक्कमही आहे. प्रशिक्षण म्हणाल तर आपल्याकडून कामाला आलेल्या मुलाने आमच्या शिपायाला जाता जाता 'तीन नंबरचं बटन दाबायचं' एवढे सांगितले. लेबलिंग म्हणजे एका वायरीला गुंडाळलेली चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने 'प्रोजे' एवढेच, पुढची अक्षरे मे महिन्याच्या घामात गेली. आराखडा त्या मुलाच्या मोबाइलमध्ये फोटोच्या रूपात होता. मागितला की म्हणायचा, 'थई जशे, काका.' मुलगा गुणी होता, हात चांगला होता त्याचा. जूनमध्ये तो आपली नोकरी सोडून गेला आणि फोटोही त्याच्याबरोबर गेला.

जुलैत इंटरनेट दुरुस्त करायला एक माणूस आला. रॅकमागे त्याला दोन निळ्या वायरी दिसल्या. त्यातली एक त्याने उपटून राउटरमध्ये खोचली. ती नेमकी प्रोजेक्टरची होती. साधी एचडीएमआय केबल चाळीस मीटर धड जात नाही म्हणून आपण तिथे एचडीबेस-टी, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतून चित्र लांब नेण्याची पद्धत, वापरलीत, ते योग्यच केलेत. पण ती वायर दिसायला हुबेहूब नेटवर्कची, आणि नेटवर्कच्या उपकरणात ती लावायची नसते. दोन दिवस प्रोजेक्टर मेला असे समजून आम्ही हळहळत बसलो. त्या माणसाला काय बोलणार? वायरीवर एक शब्द लिहिलेला असता तरी पुरले असते.

आता ३० ऑगस्टचे सांगतो. गणेशोत्सवातले व्याख्यान, सभागृह भरलेले, खाली वाचनकक्षातही पन्नास-साठ खुर्च्या टाकलेल्या. वक्त्यांनी लॅपटॉप स्टेजवरच्या डावीकडच्या सॉकेटला लावला. वाचनकक्षातल्या टीव्हीवर चित्र स्वच्छ, मुख्य पडदा काळा. शिपायाने शिकवल्याप्रमाणे तीन नंबर दाबला. पडद्यावर आमच्या प्रवेशद्वारातले चपलांचे कपाट आले. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर त्याच यंत्रात जोडलेला आहे हे आम्हाला त्या क्षणी कळले. वीस फूट रुंद पडद्यावर एक गृहस्थ एकेक चप्पल पायात घालून बघत होते आणि दोनशे माणसे ते बघत होती. त्यांना स्वतःची सापडली तेव्हा टाळ्याही पडल्या. वक्ते सज्जन, तेही हसले. मला मात्र हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी आपले नवे इंजिनिअर आले आणि त्यांनी कारण शोधले. प्रत्येक पडदा आपल्याला किती रिझोल्यूशन झेपते ते लॅपटॉपला कळवतो. त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. डाव्या सॉकेटच्या इनपुटवर वाचनकक्षातल्या फोर-के टीव्हीची ईडीआयडी उतरवलेली होती. लॅपटॉपने बिचाऱ्याने फोर-के चित्र पाठवले, आणि आमचा जुना प्रोजेक्टर १९२० बाय १०८० च्या वर जात नाही. मधले यंत्र चित्र लहान करून देत नाही, आले तसे पुढे ढकलते. इंजिनिअरांनी पाच मिनिटांत सेटिंग बदलले. मी वही पुढे केली, म्हटले, काय बदललेत ते लिहा. म्हणाले, 'लक्षात आहे माझ्या.' मग शेव-उसळ खायला म्हणून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. उजव्या सॉकेटचे सेटिंग त्यांनी पाहिले की नाही, देव जाणे.

आवाजाची गोष्ट थोडक्यात. मिक्सरला जाणारा आवाज यंत्राच्या चौथ्या आउटपुटमधून काढलेला आहे, पहिल्यातून नाही. म्हणजे मुख्य पडद्यावर काहीही दाखवा, ग्रीनरूमच्या टीव्हीवर जे असेल तेच सभागृहात ऐकू येते. यामागे काही विचार असेल तर तो कळवा. नसेल तर बदला.

मी एकतीस वर्षे ग्रंथालयात नोकरी केली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून आणले आणि या संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवली, त्या गावात मी वाढलो. आमच्या धंद्यात पुस्तक फडताळात आहे पण त्याचे कार्ड नाही, तर ते पुस्तक नाही असेच धरतात. ग्रंथपालाला जागा पाठ आहे हे उत्तर चालत नाही, कारण ग्रंथपाल निवृत्त होतो, आजारी पडतो, बदलून जातो. आपल्याकडे मुलगा गेला आणि आमचे सगळे फडताळ मुके झाले.

म्हणून काल रविवारी आम्हीच बसलो. लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांत आकडा काढायचा, एकेक सॉकेटला लावायचा आणि यंत्राच्या कुठल्या नंबरवर तो उमटतो ते टिपायचे. मग एकच इनपुट धरून आठही आउटपुट तपासायचे. पुतण्या रॅकपाशी, शिपाई खाली, मी बाल्कनीत, तिघे फोनवर. पुतण्या आधी चौसष्ट जोड्या तपासायला निघाला होता. त्याला म्हटले, बाबा, आठ आणि आठ सोळाच आहेत. अडीच तास लागले. सोबत त्या तक्त्याची प्रत जोडली आहे. जे काम तिघा अडाण्यांना एका संध्याकाळी जमते, त्याला आपल्याला सहा महिने का लागावेत?

आमच्या तक्त्यात वरवरचे आले आहे. आतले आपल्यालाच देता येईल. प्रत्येक इनपुटवर कोणती ईडीआयडी ठेवली आहे, कोणत्या आउटपुटमधून आवाज काढला आहे, प्रीसेटची, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या जोडण्यांची, आठ बटणे काय काय करतात (तीन नंबरचे आता सगळ्या गावाला ठाऊक आहे), यंत्राचा आयपी पत्ता आणि पासवर्ड. सगळ्या सेटिंगची बॅकअप फाइलही हवी. उद्या यंत्र जळले आणि आपण वॉरंटीत दुसरे दिलेत, तर हे सारे पुन्हा पहिल्यापासून करायचे का? वायरींना दोन्ही टोकांना छापील लेबल लावा, पेनाने लिहिलेले नको. तक्त्याची एक प्रत लॅमिनेट करून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. आणि पुढे आपला कोणीही माणूस काही बदलून गेला, तर त्याने तारखेसह त्याच कागदाशेजारच्या वहीत लिहून सही करायची.

हे २० सप्टेंबरपर्यंत झाले पाहिजे. २२ ला घट बसतात. त्यानंतर बडोद्यात साउंडचा माणूस मिळणे म्हणजे काय, हे आपल्याला मी सांगायला नको, सगळे गरब्याच्या मैदानात असतात. पुढे आमची दिवाळी पहाट आहे. बिलातले राहिलेले दहा टक्के 'काम पूर्ण झाल्यावर' द्यायचे असे कोटेशनमध्ये आपणच लिहिले आहे. तक्ता हातात येईपर्यंत काम पूर्ण झाले असे आमची समिती मानत नाही. तसा ठराव झाला आहे.

जाता जाता एक. आमच्या तक्त्यात सात नंबरच्या आउटपुटसमोर प्रश्नचिन्ह आहे. ती वायर रॅकमधून निघते, फॉल्स सीलिंगवर चढते आणि नाहीशी होते. आम्ही शिडी लावून पाहिले, ग्रीनरूम पाहिली, बाल्कनी पाहिली, स्वयंपाकघरसुद्धा पाहिले. बिलात तिचे बावीस मीटर लावले आहेत आणि ते आम्ही भरले आहेत. दुसरे टोक कुठे निघते, तेवढे तरी परत टपालाने कळवावे.

आपला,
कार्यवाह, सभागृह समिती

सोबत : आम्ही केलेला तक्ता (एक पान), कोटेशनच्या शेवटच्या पानाची प्रत