हात वर जात नाही म्हणजे फ्रोझन शोल्डरच?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला खांदेदुखीवरचा लेख वाचला. लेखकांबद्दल आदर आहे, पण ‘हात वर जात नसेल तर फ्रोझन शोल्डर (म्हणजे आखडलेला खांदा) समजा आणि ताणाचे व्यायाम सुरू करा’ हे वाचून संताप आला. याच सल्ल्यापायी माझे दोन महिने वाया गेले.

पायरीवरून घसरून माझा उजवा खांदा निखळला. हाड बसवले, एक्स-रे चांगला आला, हात झोळीत गेला. तीन आठवड्यांनी झोळी निघाली, तर हात बाजूला उचलेना. आंघोळीला साबण लावताना दंडाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी जागा बधिर लागे. दोनदा सांगितले. उत्तर एकच: ताणत राहा. खांद्याची गोलाई ओसरून हाडाचा कोपरा दिसू लागला, तरी तेच.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझा हात स्वतः धरून उचलला. थेट कानापर्यंत गेला. सोडला, तसा खाली आला. “खांदा आखडला असता तर माझ्याने तरी वर गेला असता का?” त्या म्हणाल्या. स्नायूबंध फाटल्यावरही असे होते, पण बधिर दंड नसेकडेच, म्हणजे मज्जातंतूकडेच, बोट दाखवत होता.

तपासणीत अ‍ॅक्सिलरी नस दुखावलेली निघाली. मानेतल्या ५व्या-६व्या मज्जामुळांपासून येणारी ही नस काखेतून दंडाच्या हाडाला मागून वळसा घालते, म्हणूनच खांदा निखळताना ताणली जाते. खांद्याला गोलाई देणारा, हात बाजूला उचलणारा डेल्टॉइड स्नायू तिच्याच जोरावर चालतो आणि त्या बधिर जागेचा स्पर्शही तीच कळवते. तिथे कापूस फिरवून ‘कळतंय का?’ विचारायला अर्धे मिनिट पुरले असते! नस वाढते दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर, आणि शस्त्रक्रिया लागलीच तर ती पहिल्या ६ महिन्यांत झालेली बरी. अशा वेळी दोन महिने थोडे नव्हेत.

लेखात या नसेचे नावही नाही, वर ‘शीर आखडते’ असे लिहिले आहे. शिरेतून रक्त वाहते. स्नायूला हुकूम मज्जातंतू देतो. चित्रात तर ट्रॅपेझियस (मान-पाठीवरून खांद्यापर्यंत येणारा स्नायू) आणि डेल्टॉइड एकाच धाग्याला जोडलेत. ट्रॅपेझियसची नस वेगळी: ११वा कपालतंतू, म्हणजे कवटीतून बाहेर येणाऱ्या नसांपैकी अकरावी.

दुरुस्ती छापावी, आणि त्याच पुरवणीत, त्याच आकाराच्या अक्षरांत. मागची चूक तुम्ही शब्दकोड्याखाली दोन ओळींत सुधारली होती. माझ्या वयाच्या वाचकाला ती भिंगाशिवाय दिसली नाही.

आपला,
एक जुना वाचक