मंत्रिमहोदय, बगॅस संध्याकाळी जाळू द्या

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

दुबईच्या २०२३ च्या हवामान परिषदेत अक्षय ऊर्जेची क्षमता २०३० पर्यंत तिप्पट करायचे जगाने ठरवले. आपल्या देशात कोळसा-वायूवर न चालणाऱ्या वीजक्षमतेचा वाटा २०२५ मध्ये वाढून निम्म्याच्या वर गेला. तरी वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच असते. कारण साधे आहे: सौर पॅनेल संध्याकाळी सहाला थांबतात आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. वीज बाजारात दुपारी दर कोसळतात आणि संध्याकाळी कमाल मर्यादेला, म्हणजे युनिटला १० रुपयांना जाऊन टेकतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात तर छतांवरच्या सौर विजेमुळे भर दुपारी दर शून्याच्याही खाली जातात. वीज कशापासून करायची यापेक्षा ती कोणत्या वेळी मिळणार, हा प्रश्न आता मोठा झाला आहे.

त्याचे एक उत्तर आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या यार्डात ढिगाने पडून असते. ऊस पिळून उरलेल्या त्या चोथ्याला आम्ही बगॅस म्हणतो. बॅटरी विकत आणावी लागते, पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणाऱ्या उदंचन प्रकल्पाला डोंगर लागतो आणि त्यात घातलेल्या विजेपैकी २० ते २५ टक्के वीज जाते. बगॅस मात्र आयताच साठवलेला आहे. ब्राझीलमध्ये धरणांतले पाणी कमी असते त्या कोरड्या महिन्यांत ऊस तुटतो आणि बगॅसची वीज जलविजेची तूट भरून काढते. आपण मात्र हा साठा चोवीस तास एकाच गतीने जाळतो, भर दुपारीसुद्धा, कारण वीज खरेदी करारात दुपारच्या आणि संध्याकाळच्या युनिटला एकच दर आहे.

आकडे मांडतो. रोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना धरा. उसाच्या २८ टक्के म्हणजे दिवसाला १,४०० टन बगॅस निघतो. त्यात ५० टक्के पाणी असते आणि उष्मांक किलोला साधारण २,२७५ किलोकॅलरी भरतो. टनामागे सव्वादोन टनांच्या आसपास वाफ मिळते. बॉयलर ६७ किंवा ८७ अटा (वातावरणाच्या दाबाच्या तितक्या पट) दाबाचा असेल तर टन उसामागे शंभर-सव्वाशे युनिट वीज होते, त्यातली पस्तीस-चाळीस युनिट कारखाना स्वतः वापरतो. जुन्या २१ अटाच्या बॉयलरवर स्वतःची गरज कशीबशी भागते, म्हणून पुढचे सगळे हिशेब जास्त दाबाच्या बॉयलरचे आहेत.

अशा कारखान्यात टर्बाइन सहसा एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग प्रकारचे असते. मधून काढलेली वाफ रस उकळायला जाते, उरलेली वाफेचे पाणी करणाऱ्या कंडेन्सरपर्यंत जाऊन फक्त वीज करते. पहिल्या भागाला हात लावता येत नाही, कारण तिथे गाळप अडते. दुसरा भाग हलवता येतो. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ कंडेन्सिंगची बाजू ५ मेगावॅटने खाली आणली तर आठ तासांत ४० हजार युनिट कमी होतात आणि टनाला पावणेपाचशे युनिट या हिशेबाने ८० ते ८५ टन बगॅस वाचतो. तो रिटर्न कॅरियरने यार्डात जातो आणि संध्याकाळी लोडरने परत येतो.

इथे कोणी स्वप्न विकू नये म्हणून अडचणही सांगतो. संध्याकाळी तो सगळा बगॅस एकदम जाळता येत नाही. बॉयलरला तेवढी मोकळी क्षमता नसते, धूर ओढणारे आयडी फॅन आणि बगॅस कॅरियर आधीच भरून चालतात. बहुतेक ठिकाणी ६ ते १० या चार तासांत ४ मेगावॅट जादा, म्हणजे १६ हजार युनिट, एवढीच अपेक्षा धरावी. त्याला ३३ ते ३४ टन लागेल. रोजचे पन्नासेक टन उरतील, १०० दिवसांच्या हंगामात ५ हजार टन. हा बगॅस एप्रिल-मेसाठी ठेवायचा.

खरी चोरी मात्र वाफेत आहे. बऱ्याच ठिकाणी उसाच्या वजनाच्या ४५ टक्के वाफ रसावर खर्च होते. ती ३८ टक्क्यांवर आणता येते: रस आटवणारा फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर, त्याच्या शेवटच्या भांड्यांतून निघणारी वाफ (व्हेपर) रसाच्या हीटरला, साखरेचे दाणे पाडणारा कंटिन्युअस पॅन आणि मिलला वाफेच्या टर्बाइनऐवजी मोटर. सात टक्के म्हणजे दिवसाला ३५० टन वाफ, अर्थात १५५ ते १६० टन बगॅस. हंगामाला सुमारे १६ हजार टन. आधीचे ५ हजार मिळवले तर २१ हजार टनांची एक कोटीच्या आसपास युनिट होतात.

हे बिघडते ते ट्यूबांवर चढणाऱ्या क्षारांमुळे. इव्हॅपोरेटरची साफसफाई लांबली की व्हेपर कमी पडते, पॅनवाला ओरडतो आणि वाफेचा दाब उतरवणारा पीआरडीएसचा व्हॉल्व्ह उघडला जातो. त्यातून जाणारी ताजी वाफ टर्बाइनला वळसा घालून सरळ रसावर जाते, एक युनिटही न करता. लाखोंची यंत्रे बसवून साफसफाई लांबवणारे कारखाने ४५ वरच राहतात. म्हणून कर्ज किंवा व्याजसवलत देताना यंत्र बसवल्याचा दाखला पुरेसा मानू नका, टक्का उतरल्याचा मागा.

हंगामानंतरच्या चालवण्यालाही नियम आहेत. चार तासांसाठी रोज थंड बॉयलर पेटवता येत नाही. त्याला आठ-दहा तास लागतात आणि ड्रम व विटांवर ताण येतो. दिवसा कमीत कमी स्थिर भार, समजा ६ मेगावॅट, आणि संध्याकाळचे सहा तास १८ मेगावॅट असे चालवले तर दिवसाला २ लाख १६ हजार युनिट होतात. म्हणजे वरचा साठा दीड महिना पुरतो. तोच मार्चअखेर ते मेचा, मुंबई-पुण्याचे एसी चालण्याचा काळ.

ढिगाचीही काळजी हवी. ओलावा एक टक्क्याने वाढला की किलोमागे ४६ किलोकॅलरी जातात. वळीव कोल्हापूरला कधी सांगून येत नाही. उघड्या ढिगाचा वरचा थर भिजतो, आत जंतूंमुळे उष्णता धरते आणि ढीग आपोआप पेट घेतो. ताडपत्री, उताराची फरशी, ढिगांमध्ये बंब जाईल एवढी वाट आणि जुना बगॅस आधी जाळण्याची शिस्त, एवढे तरी करारात लिहून घ्या. धुळीने फुप्फुसाचा आजार होतो, म्हणून लोडरवाल्याला मास्कही.

दुपारी बगॅस थांबवला तर दुपारच्या सौर विजेला गिऱ्हाईक हवे. ते पंचगंगा, भोगावती, दूधगंगेच्या काठावर आहे. आपल्या सौर पंप योजनेत ३, ५ आणि ७.५ अश्वशक्तीचे पंप मिळतात. आमच्या उपसा सिंचन संस्थांच्या जॅकवेलवर (नदीकाठच्या उपशाच्या विहिरींवर) याच्या कितीतरी पट मोठ्या मोटरी आहेत, त्यांना ती योजना लागू पडत नाही. त्यांचे फिडरच सौर प्रकल्पांवर आणून दिवसा थ्री फेज द्या. पाणी पाजणारा रात्रीच्या सापा-विंचवातूनही सुटेल.

फक्त एक काळजी घ्या. वीज आली की ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर चालू प्रवाहाच्या पाच-सहापट घेते, डीपीचा फ्यूज जातो आणि वायरमनच्या नावाने शिमगा होतो. प्रत्येक स्टार्टरला वेगवेगळ्या मिनिटांचा टाइम डिले रिले बसवा. खर्च किरकोळ आहे.

सौर प्रकल्पाची जागा निवडताना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी डोळ्यांसमोर ठेवा. धोका पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. इन्व्हर्टर आणि रोहित्रे त्या रेषेच्या वर नसतील तर पहिल्याच महापुरात प्रकल्प भंगारात जाईल.

 

केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांनी उद्योगांच्या विजेला सौर तासांत किमान २० टक्के सूट आणि चढत्या मागणीच्या वेळी किमान १.२ पट दर सांगितला आहे. वापरणाऱ्याला जो नियम लावला, तोच वीज विकणाऱ्या कारखान्याला का नको? आमची मागणी एवढीच: यापुढच्या आणि नूतनीकरणाच्या बगॅस करारांत सकाळी ९ ते ५ कमी, संध्याकाळी ६ ते १० जास्त आणि बाकी वेळी आजचाच दर ठेवावा. दुपारी कमी वीज दिली म्हणून दंड नको. नवा मीटरही लागणार नाही, कारण निर्यात मीटर दर १५ मिनिटांचे आकडे आजही नोंदवतात. गाळपाची तारीख ठरवायला मंत्री समिती दरवर्षी बसते, त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यातील सहवीज प्रकल्प व उपसा सिंचन पंपघरांवर काम करणारे अभियंते