व्हर्च्युअल मशीनमध्ये मराठी उमटत नाही म्हणून कीबोर्ड बदलू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डीटीपीवाल्यांचं जुनं काम, स्मरणिका म्हणा, पत्रिका म्हणा, अजून जुन्या फॉन्टमध्ये पडून आहे आणि ती सॉफ्टवेअरं नव्या विंडोजवर धड चालत नाहीत, म्हणून बरेच जण व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम) टाकून त्यात विंडोज एक्सपी चालवतात. (एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलाय, त्याला इंटरनेट जोडू नका.) आणि मग सगळ्यांची तक्रार एकच, बाहेर म्हणजे मूळ विंडोजमध्ये मराठी मस्त टाइप होतं, आत म्हणजे त्या मशीनमध्ये गेलं की इंग्रजीच उमटतं. दुकानदार सरळ नवीन कीबोर्ड गळ्यात मारतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण कीबोर्डात काहीच बिघाड नसतो.

होतं काय तर तुम्ही के दाबलं की आतल्या मशीनला "क" जात नाही, त्या बटणाचा नुसता नंबर जातो, के चा ३७. त्या ३७ चं काय करायचं हे आतलं विंडोज ठरवतं. आत इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांची ठरलेली कीबोर्ड मांडणी) लावलेलं असेल तर क, नसेल तर के. म्हणजे मराठी कीबोर्ड आतसुद्धा वेगळा जोडावा लागतो. एक्सपीत त्याआधी रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाइल्सवर टिक करावी लागते आणि तेव्हा ते एक्सपीची सीडी मागतं, ती जपून ठेवा. फोनेटिकवाल्यांची पंचाईत जास्त, कारण namaskar चं नमस्कार करणारा प्रोग्राम बाहेर बसलेला असतो, आत त्याचा काही संबंध नाही. आतलं विंडोज नवं असेल तर फोनेटिक आतच टाका, नाहीतर बाहेर टाइप करून कॉपी पेस्ट करा, पण त्याला गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचाच आत टाकायचा जोडप्रोग्राम) टाकून शेअर्ड क्लिपबोर्ड, म्हणजे आतबाहेर कॉपी पेस्टची सोय, चालू करावा लागतो, आणि असं कॉपी केलेलं मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या नेहमीच्या पद्धतीत असतं, जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला ते चालत नाही हे लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट होस्ट की ची. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोजवर ती उजवा कंट्रोल असते, माउस आणि कीबोर्ड आत अडकले की तेच बटण सोडवतं. आता २०२४ पासून बऱ्याच नव्या लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाचं) बटण आलंय, मग माणूस आत अडकला की बाहेर यायचं कसं? म्हणून मशीन चालू करायच्या आधीच प्रेफरन्सेसमध्ये इनपुट मध्ये जाऊन होस्ट की बदलून घ्या. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट आत पाठवायचं असेल तर होस्ट की आणि डिलीट, व्हीएमवेअर या तशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-ऑल्ट-इन्सर्ट.

आणि ऑल्ट-टॅब करून बाहेर आल्यावर कधी कधी ऑल्ट सोडल्याचं आतल्या मशीनला कळतच नाही, त्याला वाटतं ऑल्ट अजून दाबलेलंच आहे, मग अक्षर दाबलं की मेनू उघडतात आणि लोक घाबरून मशीनच बंद करतात, न सेव्ह केलेलं काम जातं. तसं करू नका हो, आतल्या विंडोत क्लिक करा आणि कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट एकेकदा दाबून सोडा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

जे लोक पैसे घेऊन अशी मशीन लावून देतात त्यांना माझी विनंती आहे, मराठी कीबोर्ड आत जोडून, होस्ट की बदलून, गिऱ्हाइकाकडून एक ओळ मराठीत टाइप करून घेऊनच बिल द्या. आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या पानावर हे चित्रांसकट छापलंत तर फार बरं होईल.

आपला,
एक वाचक