सुनावणीची दोन मिनिटं : सीमानिश्चिती आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त साहेब,
स. न. वि. वि.

मतदारसंघांच्या प्रारूप नकाशावर हरकत घेणाऱ्या प्रत्येकाचं ऐकून घेऊ, असं आपण जाहीर केलं होतं. त्या भरवशावर अकरा पानांची हरकत घेऊन आलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी साडेचार तास बाकावर बसलो. आत दोन मिनिटं मिळाली. त्यातलं एक आपल्या फोनने खाल्लं. काल अंतिम नकाशा लागला. रेघ तसूभर हललेली नाही. माझ्या हरकतीवर शेरा : 'विचारात घेतली'. कुणाच्या, तेवढं कळवा.

नकाशा मी भिंग लावून पाहिला. रेघ आमच्या रस्त्याच्या मधोमध येते, घरापाशी कोपरासारखी वळते, मागच्या वस्तीचे तीन तुकडे करते आणि साळसूदपणे पुन्हा रस्त्याला लागते. समोरचा शेजारी एका मतदारसंघात, मी दुसऱ्यात. गटार मात्र दोघांचं एकच. ते तुंबलं की दोन्ही प्रतिनिधी एकमेकांकडे बोट दाखवणार. आणि ती वस्ती? इतकी वर्षं एकजुटीने मत द्यायची. आता तिन्हीकडे शेपूट.

'लोकसंख्या समान आहे,' हे आपलं उत्तर. साहेब, मी जन्मभर गणित शिकवलंय. शंभर मतदार घ्या, वीस-वीसचे पाच मतदारसंघ. साठ जण एका पक्षाचे, चाळीस दुसऱ्याचे. साठांतले तेहेतीस दोन मतदारसंघांत कोंबा, उरलेले सत्तावीस बाकीच्या तिन्हींत नऊ-नऊ वाटा. चाळीसवाल्यांना तीन जागा! लोकसंख्या समान, एकही मत बोगस नाही.

याचं श्रेयही आपलं नाही म्हणा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्यासारखा दिसला, त्यावरून पक्षाच्या सोयीने रेघा मारण्याला 'जेरीमँडर' हा शब्द निघाला. 1812 साली तिथे कमी मतं पडलेल्या पक्षाने सिनेटच्या 40पैकी 29 जागा नेल्या. 2018मध्ये अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्याच्या विधानसभेत डेमोक्रॅट्सना मतं सुमारे 53 टक्के, जागा 99पैकी 36. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, पक्षीय नकाशेबाजीचा निवाडा फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयांनी करायचा नाही. मग करायचा कुणी, ज्यांनी रेघा मारल्या त्यांनी?

नकाशाचंच कशाला, पेन्शनच्या अर्जाचंही तेच. ही खिडकी, ती खिडकी, पोच, शेरा. माणूस दमला की प्रकरण निकाली.

रेघ नेमक्या कोणत्या निकषावर आमच्या घरापाशी वळली, ते लेखी द्या. आणि माझी अकरा पानं परत करा. वाचलेली नाहीत, तेव्हा चुरगळलेली नसावीत.

आपला,
रस्त्याच्या अलीकडचा एक मतदार