या वेळी तव्यावरचं काही नाही

नाशिक, १४ डिसेंबर

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पंचवीसला तुम्ही सगळे इथे असाल तेव्हा "ब्रंच करूया, सोपं पडेल" हा तुझा निरोप आईला दिला. ती म्हणाली, "म्हणजे नाश्ताही करायचा आणि जेवणही."

तिचं चुकलं नाही. पाडव्याला मी हौसेने थालीपिठांचा बेत ठरवला होता. आपण गरमगरम खात बसलो आणि ती दीड वाजेपर्यंत तव्यासमोर. शेवटचं तिने उभ्यानेच खाल्लं, तेही कोरडं, कारण लोणी आपण संपवलं होतं.

म्हणून मिसळ. रविवारी कितीतरी नाशिककर मखमलाबाद, गंगापूर रोडकडच्या मळ्यांत अकराला मिसळ हाणतात आणि दुपारच्या जेवणाला सुट्टी देतात. तुमचं ब्रंच याहून वेगळं काय असतं?

आपण अकरा जण, तेव्हा अर्धा किलो मटकी. तेवीसच्या रात्री कोमट पाण्यात भिजवीन, चोवीसला सकाळी फडक्यात बांधीन. इथल्या थंडीत मोड रुसून बसतात. एका जानेवारीत पुरचुंडी ओट्यावर ठेवली, तर दुसऱ्या दिवशी मटकी जशीच्या तशी. आता कॅसरोलमध्ये ठेवतो, वरून जुनी शाल. आई हसते, हसू दे.

कट चोवीसच्या संध्याकाळीच: भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आईचा काळा मसाला. रात्रभर मुरला की चव वाढते आणि सकाळी नुसती उकळी आणायची. तिखट सगळं कटात, उसळीत नाही. पोरं उसळ-शेव-दही खातील, जावईबापूंना हवी तेवढी तर्री. पापड सकाळीच तळून डब्यात. पापडाशिवाय मिसळ पुणेकरांनी खावी. आत्याचा गुरुवार आहे, तिच्यापुरता साबुदाणा भिजवू.

पाव माणशी तीन, म्हणजे सहाच्या सहा लाद्या. आदल्या दिवशीच सांगून ठेवतो, नाताळच्या सकाळी बेकरीत उभं राहवत नाही. जिलबी बाहेरून.

पोरांना द्राक्षं हवीत म्हणालीस. आत्ता येतात ती आगाप, महाग, आणि बरीचशी आंबट. खरी साखर भरायला फेब्रुवारी उजाडतो. तेव्हा पुन्हा या. सध्या पेरू.

कांदा मात्र ऐन वेळी चिरायचा, आधी चिरला की उग्र वास सुटतो. ते काम तुम्हा दोघांचं. लासलगावचा आणलाय, रडवेल.

एकच अडचण उरली आहे. आई काल म्हणाली, "सोबत थोडा शिरा करते, आणि चार बटाटेवडे." तू फोन करून सांग, आम्हाला शिरा नको. माझं ती ऐकत नाही.

तुझे बाबा