काट्यावर न मोजले जाणारे पोषण : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : तीन वर्षांखालील बालकांशी घरच्या भाषेत होणाऱ्या संवादाला अंगणवाडीच्या गृहभेटींत स्थान मिळण्याबाबत.

स.न.वि.वि.

मेळघाटातल्या गृहभेटीत बाळ काट्याच्या झोळीत लटकलेले असते, आजी त्याला कोरकू भाषेत काहीबाही सांगून हसवत असते आणि सेविका वजनाचा आकडा मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये भरत असते. वजन, उंची, टीएचआरचे (घरी न्यायच्या पोषण आहाराचे) पाकीट एवढे उरकले की भेट संपते. आजीचे बोलणे कुणाच्याच हिशेबात नसते.

मूल बोलू लागले की त्याला भाषा शिकवायची, असा आपला सर्वसाधारण समज आहे. संशोधन वेगळेच सांगते. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखता आले, मात्र दहा-बारा महिन्यांच्या बाळांमध्ये ही क्षमता जवळजवळ मावळलेली आढळली, कारण घरात जे कानावर पडते त्याच्याशीच कान जुळत जातो. 2010 च्या एका अमेरिकी अभ्यासात तीन-चार महिन्यांच्या बाळांना डायनासोरची वेगवेगळी चित्रे दाखवताना सोबत शब्द उच्चारले, तेव्हा ती सारी एका जातीची आहेत हे त्यांनी ताडले. शब्दांऐवजी नुसते सूर ऐकवले, तेव्हा नाही. म्हणजे तोंडून एकही शब्द फुटण्याच्या कितीतरी आधी भाषा बाळाच्या विचाराला आकार देऊ लागलेली असते.

‘बाळाशी मराठीतच बोला, नाहीतर शाळेत अडेल’ हा सल्ला कोरकू आईला सद्भावनेनेच दिला जातो. पण जी भाषा तिला स्वतःलाच बेताची येते, तीत ती बेताचेच बोलणार : ये, बस, खा, झोप. मोह वेचताना फुले पहाटेच का गळतात, कालच्यापेक्षा आज कमी का सापडली, हे ती कोरकूतच सांगू शकते, आणि कारण, तुलना, काळ यांची पहिली ओळख बाळाला अशाच बोलण्यातून होते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, ती काही मराठीची मोडकी बोली नव्हे (हे अजूनही सांगावे लागते). मोबाईलवरची गाणीही आईची जागा घेऊ शकत नाहीत : 2003 च्या एका प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकी बाळे समोर बसलेल्या माणसाकडून चिनी ध्वनी शिकली, पण तेच ध्वनी पडद्यावरून ऐकून शिकली नाहीत.

जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी केंद्राने 2024 मध्ये ‘नवचेतना’ हा आराखडा आणला आहे. तेव्हा नवी योजना मागत नाही. त्यातील बाळाशी खेळण्या-बोलण्याच्या कृती कोरकू, गोंडी आणि भिलीत, शक्यतो ध्वनिमुद्रित स्वरूपात, सेविकांच्या हाती द्याव्यात. प्रशिक्षणात घरच्या भाषेचा मुद्दा स्पष्टपणे शिकवला जावा. बाळ आवाजाकडे वळत नसेल, तर श्रवण तपासणीसाठी पाठवण्याची जबाबदारी निश्चित व्हावी, कारण ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. आणि मुख्य म्हणजे नोंदींचा भार एवढा तरी हलका करावा, की सेविकेला मोबाईल बाजूला ठेवून दहा मिनिटे आई-आजीसोबत बाळाशी बोलता येईल. सुरुवात धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांपासून झाली तरी चालेल.

आपली नम्र,
मेळघाटातील एक अंगणवाडी प्रशिक्षिका